रस्ता चालणाऱ्यांचाही आहे

श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे जल घेऊन कावडधारी अकोल्याच्या राजराजेश्वर मंदिराकडे पायी निघतात. नवरात्रात अमरावतीत अंबादेवी व एकवीरादेवीच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. त्या दिवशी वाहतूक वळवली जाते आणि रस्ता चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतो. उत्सव सरला, की हाच माणूस पुन्हा वाहनांच्या गर्दीत जीव मुठीत धरून वाट काढू लागतो.

त्याची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात ३२,८२५ पादचारी अपघातांत मृत्युमुखी पडले. म्हणजे दररोज सुमारे नव्वद.

पदपथ कसा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ मध्येच सांगितले आहे. चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी पूर्णपणे मोकळी हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. उंच कडा वृद्धांना चढवत नाही आणि चाकाच्या खुर्चीला तर अडवतेच. वाटेत एक खांब किंवा दुचाकींची एक रांग आली, तरी पादचाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागते. तुटक पदपथ असून नसल्यासारखाच.

पदपथ मोकळा करणे म्हणजे फेरीवाल्यांना हुसकावणे नव्हे. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रीच्या जागा ठरविण्याची तरतूद केली आहे. शिवाय पायी येणारा माणूस हाच फेरीवाल्याचा खरा ग्राहक.

वऱ्हाडात आणखी एक गरज आहे, ती सावलीची. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जातो. अशा उन्हात कडुनिंबाची रांग ही शोभा नसून पदपथाचाच भाग ठरते. रुंदीकरणात झाडे तोडली, की चालणेही खुंटते.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि पुढे जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ उभारले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये अडथळामुक्त पदपथाचा हक्क घटनेच्या कलम २१ शी जोडला. म्हणजेच ही मागणी आता सौजन्याची उरलेली नाही.

अमरावती आणि अकोला महापालिकांनी प्रारंभी बसस्थानक, रुग्णालय व बाजार यांना जोडणारा केवळ एक किलोमीटर पदपथ सलग, समतल आणि सावलीचा करून दाखवावा. म्हातारा माणूस तेथून निर्धास्तपणे चालत गेला, तर पुढच्या किलोमीटरची मागणी नागरिक स्वतःच करतील.