अर्धा पॉट जिंकूनही तोटा

ज्याचा हात सर्वांत भारी, मधला सगळा पॉट त्याचा, एवढे पोकरबद्दल बहुतेकांना ठाऊक असते. तीन पत्ती खेळणाऱ्यांना तर ते वेगळे सांगायलाही नको. पण पोकरच्या घराण्यात असाही एक खेळ आहे, ज्यात सर्वांत हलका हातही जिंकतो. त्याचे नाव ओमाहा हाय-लो. इथे पॉटचे दोन भाग होतात. अर्धा सर्वांत भारी हाताला आणि अर्धा सर्वांत हलक्या हाताला. या एका नियमामुळे शक्यतांचे गणित असे काही बदलते की, माझ्या मते शाळा-कॉलेजात संभाव्यता शिकवायला याच्याइतके चांगले उदाहरण पत्त्यांत दुसरे नाही. आणि ते शिकायला पैसा लावावा लागत नाही, चिंचोके पुरतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर तर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे.

आधी नियम पाहू. प्रत्येकाला चार पत्ते मिळतात, ते ज्याचे त्यानेच पाहायचे. मध्ये पाच पत्ते सर्वांसाठी उघडे पडतात, आधी तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. दर टप्प्याला बोली होते. शेवटी प्रत्येकाने पाच पत्त्यांचा हात लावायचा. त्यात आपले दोन आणि मधले तीन. दोन म्हणजे दोनच, एक नाही आणि तीनही नाहीत. नवखा माणूस हमखास अडखळतो तो इथेच. मध्ये चार बदाम पडले आणि आपल्याकडे बदामाचा एकटा एक्का असला, तर कलर झाला असे वाटते. तो झालेला नसतो, कारण हातात दुसरे बदाम नाही. चार एक्के हातात आले तरी हुरळून जायला नको. त्यांतले दोनच वापरता येतात, उरलेले दोन मेलेले असतात, आणि पाचवा एक्का कॅटमध्ये असतच नाही.

हलक्या हाताची अट वेगळी आहे. पाचही पत्ते वेगवेगळ्या अंकांचे आणि अठ्ठीपर्यंतचेच हवेत. एक्का इथे एक धरतात. सिक्वेन्स किंवा कलर झाला तरी हलक्या हाताचे काही बिघडत नाही. दोन हलके हात समोरासमोर आले की मोठ्या पत्त्यापासून सुरुवात करून पाच आकडी संख्या वाचावी, लहान संख्या जिंकते. ८५३२१ आणि ७६५४३ यांत दुसरा हात हलका, जरी पहिल्यात एक्का-दुर्री असली तरी. ५४३२१ हा सर्वांत हलका. भारी बाजूलाही तो सिक्वेन्स ठरतो, म्हणून एकाच हाताने दोन्ही भाग नेण्याची संधी असते. दोन्ही बाजूंना वेगवेगळे दोन पत्ते वापरण्याचीही मुभा आहे.

चार पत्त्यांतून दोन निवडण्याचे सहा मार्ग, पाचांतून तीन निवडण्याचे दहा, म्हणजे प्रत्येक खेळाडूसमोर साठ हात मांडलेले असतात. ही निवडमोजणी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सहा रसांपासून किती वेगवेगळ्या चवी होतील हे याच रीतीने काढले, उत्तर ६३. सुरुवातीचे चार पत्ते तर २,७०,७२५ प्रकारे हातात येऊ शकतात. दोनच पत्ते वाटल्या जाणाऱ्या होल्डेम या पोकरच्या प्रकारात हा आकडा १,३२६ आहे. त्या होल्डेमचा दोघांत खेळला जाणारा, ठरीव बोलीचा प्रकार कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५मध्ये संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडवून घेतला. ओमाहाचा पसारा त्याहून कितीतरी मोठा आहे.

आता एक प्रश्न. हलका हात दर डावाला लागतो का? नाही. आपले दोनच पत्ते चालतात, म्हणून मधल्या पाचांत अठ्ठीपर्यंतचे किमान तीन वेगळे अंक यायलाच हवेत. मधले पाच पत्ते २५,९८,९६० प्रकारे पडू शकतात आणि त्यांतल्या १५,६१,७२८ प्रकारांत ही अट पुरी होते, म्हणजे सुमारे ६० टक्के वेळा. उरलेल्या ४० टक्के वेळा हलका हात कुणाचाच लागत नाही आणि सगळा पॉट भारी हाताकडे जातो. कॅट पिसून पाच-पाच पत्ते मांडत गेले, तर हे घरीही पडताळता येते.

हातात एक्का, दुर्री, राजा, राणी आहेत असे धरू. हलक्या बाजूला एक्का-दुर्री म्हणजे सोनेच, असे शिकाऊ खेळाडूला वाटते. मध्ये पडले किलवर दुर्री, बदाम चव्वी, इस्पिक सत्ती, चौकट नव्वी आणि बदाम गुलाम. हलके पत्ते तीन आहेत, पण आपला हलका हात लागत नाही! आपल्याला एक्का-दुर्री दोन्ही वापरणे भाग आहे, आणि मधली दुर्री आपल्या दुर्रीचीच जोडी झाल्याने निरुपयोगी ठरली. नवे अंक दोनच उरले. आता आपल्याकडे राणीऐवजी तिर्री असती, तर एक्का-तिर्री आपली आणि दुर्री-चव्वी-सत्ती मधली धरून ७४३२१ झाला असता. या मधल्या पत्त्यांवर याहून हलका हात शक्यच नाही.

एका तिर्रीने किती फरक पडतो, तेही मोजता येते. एक्का, दुर्री, राजा, राणी या हाताचा हलका हात लागण्याची शक्यता साडेछत्तीस टक्के. राणीच्या जागी तिर्री आली की ती साडेएकोणपन्नास होते. तिसरा हलका पत्ता हा असा विमा आहे. अनुभवी खेळाडू नुसत्या एक्का-दुर्रीवर भाळत नाहीत, ते यामुळेच.

वाटणीचा हिशोब त्याहून चकवणारा आहे. तिघे खेळत आहेत, प्रत्येकाने ४० चिंचोके घातले, पॉट १२०चा. भारी अर्ध्याचे ६० एकाने नेले. हलक्या अर्ध्याला मात्र दोघांकडे तोच हात निघाला, कारण एक्का-दुर्री दोघांकडेही होती. मग साठाचे पुन्हा दोन भाग, प्रत्येकी ३०. हलक्या बाजूचा सर्वोत्तम हात लागूनही दहा चिंचोके गेले! चार जण असते, तर पॉट १६०चा, पाव वाटा ४०, म्हणजे घातले तेवढेच परत. पाच जण असतील तरच पाव वाट्यातून काही हाती लागते. म्हणून बोली वाढवताना आपला हात किती चांगला याबरोबरच, असाच हात आणखी कुणाकडे असेल का आणि पॉटमध्ये किती जण उरले आहेत, हेही पाहावे लागते.

पॉटच्या वाटणीच्या प्रश्नाला गणितात मोठे घराणे आहे. खेळ मध्येच थांबला तर पणाला लावलेली रक्कम कशी वाटावी, या प्रश्नावर १६५४मध्ये पास्काल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्यातून संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला गेला. पुढे काय काय घडू शकेल याची मोजणी करून आज कुणाचा वाटा किती, हे त्यांनी ठरवले. ओमाहा हाय-लोचा खेळाडू दर बोलीला हेच करतो, फक्त त्याला दोन वाट्यांचा हिशोब एकदम करावा लागतो.

आणि हे दोन वाटे एकमेकांपासून सुटे नसतात. अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी असा ओळीने आलेला हात दिसायला देखणा असतो. पण त्याचा सिक्वेन्स लागायला मध्ये बहुधा तसेच लहान पत्ते पडावे लागतात, आणि ते पडले की कुणाचा तरी हलका हातही लागतो. म्हणजे आपण जिंकतो तेव्हा बहुधा अर्धेच. राजा, राणी, गुलाम, दश्शी या हाताचे उलट आहे. तो लागतो तेव्हा मध्ये मोठे पत्ते पडलेले असतात. नव्वीपासून राजापर्यंतचे तीन पत्ते मध्ये आले की लहान पत्त्यांना दोनच जागा उरतात, हलका हात कुणाचाच लागू शकत नाही आणि सगळा पॉट एकाच बाजूला जातो.