महाविद्यालयातील एनसीसीचे एक वर्ष : गणवेशाआडची वाट

आपल्या वसतिगृहातून दहावी-बारावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा त्याचे लक्ष शुल्क, शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय यांतच गुंतलेले असते. पहिल्या काही आठवड्यांत सूचनाफलकावर लागलेली ‘एनसीसी भरती’ ही चिठ्ठी त्यामुळे अनेकदा नजरेतून सुटते. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्यांना या चिठ्ठीचे मोल सांगणारेही कोणी नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, भारतातील विद्यापीठांत विद्यार्थ्यांची सैनिकी पथके उभी राहिली. १९२० च्या कायद्याने त्यांचे ‘विद्यापीठ प्रशिक्षण दल’ झाले आणि १९४२ मध्ये त्याच्या नावात ‘अधिकारी’ हा शब्द आला. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर १९४८ च्या कायद्याने या दलाची जागा राष्ट्रीय छात्रसेनेने, म्हणजे एनसीसीने, घेतली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही सुरू झाला.

याच काळातील दुसरा धागा आपल्या पूर्वजांचा आहे. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. १९१७ मध्येच युद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभारली गेली. परंतु १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. म्हणजे एकाच वर्षी दोन दरवाजे उघडले. महाविद्यालयीन तरुणांचा दरवाजा उघडा राहिला. आपला चार वर्षांत मिटला. सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र असलेल्या बाबासाहेबांना या बंदीची झळ ठाऊक होती. १९४१ मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. शिपाई म्हणून जाण्याची वाट अशी पुन्हा खुली झाली. अधिकारी होण्याची वाट मात्र शिक्षणातून जाते, आणि एनसीसी त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा आहे.

आता या दलाचे एक वर्ष कसे असते ते पाहू. वर्षाचा आरंभ महाविद्यालये सुरू होताच भरतीने होतो. धावणे, शारीरिक क्षमता, वैद्यकीय तपासणी, थोडी लेखी परीक्षा व मुलाखत यांतून निवड होते. पालकांची लेखी संमती लागते. आपल्या शहरात १७ महाराष्ट्र बटालियनचे कार्यालय आहे. बटालियनचा प्रमुख सैन्यातील अधिकारी असतो, तर महाविद्यालयातील पथक सांभाळणारा ‘एएनओ’ हा तेथीलच प्राध्यापक असतो.

निवड झाल्यावर नियमित परेड सुरू होतात. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मुड’ अशा हिंदी आज्ञांवर कवायत चालते. तिच्या जोडीला नकाशावाचन, शस्त्रांची ओळख, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळी करावयाची मदत आणि नेतृत्व यांचे वर्ग असतात. पंधरा ऑगस्टच्या संचलनाची तयारी हा नव्या छात्राचा पहिला कस. नोव्हेंबरचा चौथा रविवार हा एनसीसी दिन. रक्तदान, स्वच्छता यांसारखे उपक्रम त्या सुमारास होतात. संविधान दिन त्याच्या मागे-पुढेच येतो, हा योग आपल्या मुलांनी ध्यानी ठेवावा.

वर्षाचा गाभा म्हणजे दहा दिवसांचे वार्षिक शिबिर. पहाटे उठणे, व्यायाम, कवायत, .२२ रायफलीने नेमबाजी, सायंकाळी खेळ व सांस्कृतिक कार्यक्रम असा दिनक्रम असतो. निरनिराळ्या गावांची आणि जातींची मुले एका रांगेत ताट घेऊन बसतात आणि एकाच निवासात राहतात. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या मुलांना ही शिस्त नवी नसते. उलट तेथे ती पुढे दिसतात. निवडक छात्र टप्प्याटप्प्याच्या निवडीतून जानेवारीत दिल्लीच्या प्रजासत्ताक दिन शिबिरापर्यंत पोहोचतात.

वर्षाच्या अखेरीस परीक्षा येतात. वरिष्ठ विभागात साधारणतः दुसऱ्या वर्षी ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के परेड-उपस्थिती आणि शिबिर आवश्यक असते. म्हणूनच पहिल्या वर्षीची भरती चुकली, तर ‘सी’पर्यंतचा काळ हाती उरणे अवघड होते.

या ‘सी’ प्रमाणपत्राचे महत्त्व येथे आहे. पदवीला किमान ५० टक्के गुण आणि ‘सी’मध्ये किमान ‘बी’ श्रेणी असलेल्या, ठरावीक वयातील अविवाहित युवक-युवतींना सैन्याच्या एनसीसी विशेष प्रवेश योजनेत अर्ज करता येतो. त्यासाठी लेखी परीक्षा नसते. अर्जांच्या छाननीतून निवडलेल्यांना थेट सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे एसएसबीच्या, मुलाखतीस बोलावतात. निवड झाल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण मिळते. महागड्या शिकवणीचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत, त्यांच्यासाठी ही सवलत मोठी आहे. मात्र एसएसबीत इंग्रजी संभाषण, सामान्यज्ञान आणि गटात निर्भयपणे बोलणे यांची कसोटी लागते. ती तयारी आठवी-नववीपासूनच करून घेणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

पालकांच्या मनात दोन शंका असतात. पहिली, एनसीसीत गेले की सैन्यात जावेच लागते काय? नाही, छात्रावर सैनिकी सेवेचे कोणतेही बंधन नसते. दुसरी, मुलींना पाठवावे काय? अवश्य पाठवावे. सैन्याच्या या विशेष प्रवेशात महिलांसाठीही जागा असतात.

आपले शहर रणगाडा दलाच्या प्रशिक्षण केंद्राचे शहर आहे. सावेडीतील मुले लष्करी वाहनांचे ताफे लहानपणापासून पाहतात. त्या वाहनात बसणाऱ्या अधिकाऱ्याची खुर्ची आपलीही होऊ शकते, हे त्यांना कोणीतरी वेळेवर सांगावे लागते. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की, दरवर्षी महाविद्यालये सुरू होताना आपल्या ओळखीतील एका तरी नव्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन त्या सूचनाफलकापुढे उभे करावे.