लोकरीच्या पिशवीतले आरोग्य

सोयाबीन घरात येते, दिवाळी उरकते, तूर फुलावर येते आणि वाशिम जिल्ह्यात रात्री गोधडी ओढून घ्यावीशी वाटू लागते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. हिमाचल-काश्मीरच्या मानाने ही थंडी म्हणजे काहीच नाही. पण ज्या घराची दारे-खिडक्या उन्हाळ्याच्या हिशेबाने बांधलेली असतात, त्या घराला ती पुरेशी असते.

या दिवसांत हौसेने विणणाऱ्या कोणत्याही बाईची पिशवी उघडून पाहावी. तिच्यात एकच काम कधी नसते. भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी घातलेली कुंची, मागच्या वर्षी एका बाहीवर अडकलेला नवऱ्याचा स्वेटर, लेकीच्या रुखवतासाठी क्रोशाचे तोरण आणि तळाशी जुना मफलर उसवून गुंडाळलेला लोकरीचा गोळा. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दोन ओळी, मालिका चालू असताना दहा, आणि वीज गेली की नुसत्या बोटांच्या अंदाजाने सुलटे टाके. मराठीत हातमागावरचे कापड, बाज, टोपली आणि स्वेटर या सगळ्यांना ‘विणणे’ हे एकच क्रियापद आहे. त्यातले पहिले तीन धंदे मानले गेले. चौथ्याला मात्र आजही ‘रिकामपणाचे काम’ म्हणतात.

या शब्दाचा परिणाम दवाखान्यात दिसतो. पंचेचाळिशीची बाई बाह्यरुग्ण विभागात येते आणि सांगते, की रात्री अडीच-तीनला हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरे वाटते. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होते. करंगळीला काही होत नाही. सोबत आलेले कुणीतरी लगेच सांगते, ‘दिवसभर त्या सुया हातात असतात ना!’ आणि सल्लाही तोच मिळतो, विणकाम बंद करा.

या तक्रारीला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या तळाकडील अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मोठी चेता जाते. तिथे सूज आली की चेता दाबली जाते. ही चेता करंगळीला जात नाही, म्हणून करंगळी सुटते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, वाढलेले वजन आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त आढळतो. मनगट वाकवून तासन्‌तास विणले तर तो वाढतो, हेही खरे. पण त्याच हाताने सकाळी भाकरी थापलेली असते, बादलीभर कपडे पिळलेले असतात, आणि हंगामात विळ्याने सोयाबीनही कापलेले असते. कपडे पिळण्यात मनगटावर येणारा ताण सुयांपेक्षा कितीतरी जास्त असतो. तरीही पिळणे बंद करा, असे तिला कुणी सांगत नाही. आठवड्यातले जे तीन-चार तास तिचे स्वतःचे असतात, नेमके तेच आधी काढून घेतले जातात.

योग्य क्रम वेगळा आहे. आधी रक्तातील साखर आणि थायरॉइड तपासावे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपावे. अनेकींना काही आठवड्यांत एवढ्यानेच आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसू लागला किंवा हातातून कप निसटू लागला, तर मात्र थांबू नये. चेता फार काळ दाबली गेली, तर नंतर शस्त्रक्रिया करूनही पूर्ण ताकद परत येईल असे नाही.

विणकाम सोडण्यापेक्षा ते बदलावे. पिशवीत तीन-चार कामे एकाच वेळी असणे इथे उपयोगी पडते. क्रोशाच्या सुईची पकड वेगळी, दोन सुयांची वेगळी. आज तोरण, उद्या कुंची अशी पालट केली की एकाच स्नायूवर भार येत नाही. मोठा स्वेटर लांब सरळ सुयांवर विणताना त्याचे सगळे वजन मनगटावर लोंबते. वायरने जोडलेल्या गोल सुयांवर तोच स्वेटर मांडीवर विसावतो. टाके फार घट्ट घालू नयेत, अर्ध्या तासाने उठून पाणी प्यावे, खांदे फिरवावे. विणकामाने संधिवात होतो, हा समज चुकीचा आहे. आमवात हा शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या गडबडीतून होतो, सुयांमुळे नव्हे. मात्र सांधे सुजलेले आणि गरम असतील त्या दिवशी सुया बाजूला ठेवाव्यात.

डोळ्यांचे थोडक्यात. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होणे इतके ठरलेले आहे, की मराठीने चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटले. तरी काळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत म्हणून विणणे सोडलेल्या आणि चष्मा मात्र न घेतलेल्या बायका गावोगावी आहेत. आसाममधील चहामळ्यांतील ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला, त्यांची पानखुडणी चष्मा नसलेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चष्म्यानेही टाके स्पष्ट दिसत नसतील, तर मोतीबिंदू तपासून घ्यावा.

पिशवीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र कुंची. तिथे केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्वचा पातळ, चरबी कमी, आणि थंडी वाजली तर कुडकुडून ऊब निर्माण करण्याची सोय जवळपास नसतेच. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे. ३६ च्या खाली गेले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला मध्यम प्रमाणातील शीतबाधा म्हणते आणि ३२ च्या खाली तीव्र. गार पडलेले बाळ नीट ओढत नाही, न ओढल्याने साखर उतरते, साखर उतरल्याने आणखी सुस्त होते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात हे चक्र काही तासांत फिरते. त्यासाठी कडाक्याची थंडी लागत नाही. ओले अंग, उघडी खिडकी आणि जन्मल्याबरोबर घातलेली आंघोळ एवढे पुरते. म्हणूनच पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलावी, असे सांगितले जाते.

पण कुंची स्वतः ऊब निर्माण करत नाही. लोकरीच्या वेढ्यांत अडकलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम. आधीच गार झालेल्या बाळाला तीन स्वेटर घातले, तरी आत ऊबच नसेल तर राखणार काय? ती ऊब आईच्या अंगातून यावी लागते. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी आणि त्यांच्या पाठोपाठ डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी इनक्युबेटरच्या टंचाईतून एक उपाय रुजवला. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि मोजे घालायचे, आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून कापडाने बांधायचे. तीच कांगारू पद्धत. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने ठेवले तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हा फरक इतका मोठा होता, की चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवावी लागली. आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशी यांनीही बाळाला असे छातीशी धरावे. संकोचापोटी आपल्याकडे वडील मागे राहतात, हे बदलायला हवे.

या पद्धतीत विणणारीचे काम छोटे आहे, पण नेमके. बाजारातली टोपडी पूर्ण दिवसांच्या बाळाची असतात, डोक्याचा घेर ३३ ते ३५ सेंटिमीटर धरून. दीड-दोन किलोच्या बाळाचा घेर बहुधा २८ ते ३२ असतो. मोठे टोपडे डोळ्यांवर, नाकावर घसरते आणि वैतागून काढून ठेवले जाते. म्हणून लहान मापाची, कानांवरून खाली येणारी दोन-तीन टोपडी विणावीत. वीण घट्ट असावी. जाळीदार नक्षी देखणी दिसते, पण तिच्या भोकांतून ऊब निसटते आणि बाळाची बोटेही अडकतात. गळ्याशी लांब नाडी, मोती, बटण नको. मऊ लोकर घ्यावी, घालण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावी. बाळ नवजात शिशू कक्षात असेल तर तिथल्या परिचारिकेला विचारल्याशिवाय काही नेऊ नये.

मोजे आणि हातमोजे विणणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. आतल्या बाजूला सुटलेला धागा किंवा आईचा लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो आणि काचतो. बाळ कशानेही न थांबता रडत राहते. घरचे पोटात दुखते म्हणून हिंग लावतात, आणि मोज्यात बोट लाल-निळे होऊन सुजत असते. वेळीच धागा निघाला नाही तर बोट गमावण्याची पाळी येते. म्हणून टोके आत नीट ओवून टाकावीत आणि प्रत्येक वेळी मोजा उलटा करून पाहावा. अकारण रडणाऱ्या बाळाची दहाही बोटे मोजे काढून तपासावीत. डॉक्टरांनीसुद्धा.

विदर्भात बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची चाल अजून आहे. आज स्वस्तात मिळणारी बहुतेक ‘लोकर’ मेंढीची नसते, ती ॲक्रिलिक असते. मेंढीची लोकर सहसा पेट घेत नाही. ॲक्रिलिक झटकन पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. कोळशाचा धूर बंद खोलीत जिवावर बेततो तो वेगळाच. शेगडी खोलीबाहेरच बरी.

आणि ऊब किती, याचेही माप हवे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना टोपडे, मोजे आणि दुपट्यात गुंडाळलेली बाळे दवाखान्यात ‘ताप आला’ म्हणून येतात. कपडे सैल करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजले, की बऱ्याचदा तापमान उतरलेले असते. न उतरले तर मात्र तो ताप समजून बाळाला तपासलेच पाहिजे. घरी थर्मामीटर नसेल तर हाताची पाठ वापरावी. बाळाचे पोट आणि तळवे दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट पण तळवे गार, तर थंडी लागते आहे, छातीशी घ्यावे. दोन्ही गार असतील तर बाळाला छातीशी बांधूनच रुग्णालय गाठावे. १०२ क्रमांकाची गाडी त्यासाठीच आहे. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या काही दिवसांनंतर उबदार खोलीत झोपताना टोपडे लागत नाही. ते तोंडावर सरकण्याचा धोकाच अधिक. घरी येणाऱ्या आशाताईंकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. दवाखान्यात प्रसूती झाल्यावर ४२ दिवसांत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरपोच नवजात सेवेचा हा राष्ट्रीय कार्यक्रम डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामावर उभा आहे, म्हणजे विदर्भाचीच देणगी आहे.

विणणारीच्या मनाचे काय? २०१३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी ३,५४५ विणणाऱ्यांना प्रश्न विचारले. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक सांगितले. पण उत्तरे देणारे आपणहून पुढे आलेले हौशी लोक होते, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०११ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,३२१ जणांची पाहणी मांडली. वाचन, खेळ, विणकाम अशा कामांत रमणाऱ्यांत स्मरणशक्तीची सौम्य घसरण कमी आढळली. विणकामाने स्मृती टिकते, की स्मृती शाबूत असणारेच विणत राहतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. म्हणून ‘विणा आणि विस्मरण टाळा’ असे सांगणारे संदेश पुढे पाठवू नयेत. उलट बाजूने मात्र एक निरीक्षण उपयोगी आहे. चाळीस वर्षे तोंडपाठ असलेली नक्षी आजीला अचानक जमेनाशी झाली, टाके मोजताना ती वारंवार हरवू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. कारण मोतीबिंदू असेल, बी-१२ ची कमतरता असेल, थायरॉइड किंवा औदासीन्य असेल. यातले बरेचसे बरे होणारे असते.

होळीच्या सुमारास लोकरीचे कपडे पेटीत जातात आणि सोबत डांबराच्या गोळ्या. या गोळ्यांत बहुधा नॅप्थलीन असते. जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला अशा पेटीतला कपडा थेट घातला, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. थोरल्या भावंडाची कुंची धाकट्याला घालायची रीत घरोघरी असल्याने हे ध्यानात ठेवावे. गंमत म्हणजे कसर लागते ती खऱ्या लोकरीला; ॲक्रिलिक ती खात नाही, त्यामुळे बहुतेक पेट्यांत त्या गोळ्यांची गरजच नसते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह बांधून ठेवावेत आणि बाळाला घालण्याआधी पुन्हा एकदा धुवावेत.