ऐरण घेताय? आधी ठोकून बघा!

शिवाजी पेठेत घराला घर चिकटलेलं, त्यात लोहारकामाचा छंद? जमतंय की राव! जुनी ऐरण तेवढी पारखून घ्या. उद्यमनगरच्या फाउंड्र्यांमुळं बीड आपल्याला नवं नाही, पण बिडाची ऐरण नको. हातोड्याखाली ‘थड्’ वाजते, कडा उडतात. पोलादी घंटेसारखी घुमते. तरी शंका आली तर बेअरिंगची गोळी १० इंचांवरून सोडा. ७-८ इंच उसळली, की खुशाल भाव करा. रुळाचा तुकडाही चालतो, पण पक्क्या बिलाचाच. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट बसवा. उभं राहून हात सैल सोडला, की मूठ वर टेकेल इतकीच उंची; नाहीतर कंबर गेलीच. ऐरणीला साखळी गुंडाळली, की घुमणं कमी होतं. दुपारी मात्र हातोडा खालीच ठेवा. शेजारच्या आजी झोपलेल्या असतात!