‘दृश्यम’मधली आई आणि कायदा

निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ २०१५ साली आला. तेव्हापासून २ ऑक्टोबर उजाडला की पणजीचा सत्संग आणि पावभाजीचे विनोद फिरू लागतात. कुटुंबाला वाचवण्यासाठी हा बनाव रचणाऱ्या विजय साळगावकरच्या डोक्याचं कौतुक मलाही आहे. पण ज्या रात्रीमुळे हे सारं घडलं, तिच्याविषयी लोकांच्या मनात जे पक्कं बसलंय, त्याची मला काळजी वाटते.

गैरसमज : ही बापाची गोष्ट आहे.
वस्तुस्थिती : बाप घरी येतो तो सकाळी. रात्री मुलगी अंजू आणि तिला धमकावणारा पोलिस आयजीचा मुलगा यांच्यामध्ये उभी राहते ती आई, नंदिनी. अंजूचा चोरून काढलेला खासगी व्हिडिओ पुसून टाक म्हणून ती गयावया करते, तर तो मुलीऐवजी तिलाच मागतो. त्यानंतर अंजूच्या हातातला पाइप त्याच्या डोक्यात बसतो. खतासाठीच्या खड्ड्यात प्रेत पुरतात त्याही मायलेकीच.

गैरसमज : खरं सांगितलं असतं तर दोघी खुनी ठरल्या असत्या.
वस्तुस्थिती : चित्रपटातला सगळा थरार या भीतीवर उभा आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तो फक्त स्वतःपुरता नाही. आई मुलीसाठी, मुलगी आईसाठी तो वापरू शकते. बलात्काराच्या हेतूने हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी हा हक्क शाबूत राहतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांना बोलावण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळत नाही. स्वसंरक्षण शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो, पण सरकारी पक्षाइतका काटेकोर पुरावा त्याच्याकडून मागितला जात नाही. न्यायालयाने काय निकाल दिला असता ते छातीठोकपणे सांगता येत नाही, पण नंदिनीच्या बाजूने बोलायला वकिलाकडे पुष्कळ होतं.

तिला खरं गोत्यात आणतो तो खड्डा. पुरावा नाहीसा करणं हा वेगळा गुन्हा आहे (पूर्वीचं कलम २०१, आता २३८) आणि त्यात आईला सूट नाही. आयजीच्या मुलापुढे आपलं कोण ऐकणार, ही धास्ती मला खोटी वाटत नाही; पण पुरलेल्या प्रेतामुळे खरं बोलणारी बाईसुद्धा खोटी दिसू लागते.

गैरसमज : मृतदेह सापडला नाही की खटला संपला.
वस्तुस्थिती : प्रेत तोवर हलवलेलं असतं; पोलिस खड्डा उकरतात, आत मेलेलं जनावर निघतं आणि थिएटरात टाळ्या पडतात. प्रत्यक्षात परिस्थितीजन्य पुरावा भक्कम असेल तर मृतदेहाशिवायही खून सिद्ध होऊ शकतो. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच हे स्पष्ट केलं.

गैरसमज : व्हिडिओ पुसला की मुलगी सुटली.
वस्तुस्थिती : प्रत दुसरीकडे असू शकते. शिवाय त्या मुलाच्या मोबाइलमध्येच मायलेकींच्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा होता. चोरून असं चित्रीकरण करणं २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं कैद. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदाही लागतो. म्हणून धमकीचे मेसेज, नंबर, तारीख-वेळ जपून ठेवा. १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा आणि धमकावणारा दाराशी आला असेल तर आधी ११२ फिरवा.