उताऱ्यामागची यंत्रणा : कर्नाटकची ‘भूमी’

निपाणीच्या तंबाखू उत्पादकाला पीककर्ज काढायचं असो, भावाभावांत वाटणी करायची असो की कोर्टात दावा लावायचा असो, पहिला कागद लागतो तो उतारा. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात तो सातबारा. इकडे आरटीसी, म्हणजेच पहाणी. हा कागद ज्या यंत्रणेतून निघतो, तिचं नाव ‘भूमी’.

२००० सालाआधी राज्यभरातल्या सुमारे ९ हजार तलाठ्यांच्या दप्तरांत या नोंदी हातानं लिहिलेल्या असत. तलाठी भेटेल तेव्हा उतारा, आणि खाडाखोड कुणी केली ते कळायला मार्ग नाही. महसूल खात्यानं राजीव चावला या आयएएस अधिकाऱ्याच्या पुढाकारानं आणि केंद्र सरकारच्या एनआयसी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीनं सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी नोंदी संगणकावर चढवल्या. हस्तलिखित उतारा टप्प्याटप्प्यानं बाद झाला. तालुक्याच्या खिडकीवर १५ रुपये भरले की छापील उतारा हातात पडू लागला. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. त्या कामासाठी चिकोडी गाठावी लागे.

सुरुवातीला प्रत्येक तालुक्याचा सर्व्हर वेगळा होता. पुढे सगळी माहिती बेंगळुरूच्या राज्य डेटा सेंटरमध्ये एकत्र आली आणि उतारा नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात, आणि ऑनलाइनही मिळू लागला. अशा मांडणीत खिडकीवरचा संगणक थेट डेटाबेसशी बोलत नाही. मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर असतो. तो डेटाबेसशी काही जोडण्या आधीच उघडून तयार ठेवतो आणि आलेली मागणी मोकळ्या जोडणीवरून पुढे पाठवतो. त्यामुळे सकाळी दहाला शेकडो खिडक्या एकदम उघडल्या, तरी डेटाबेसवर शेकडो नव्या जोडण्यांचा भार पडत नाही. डेटाबेसचा पासवर्डही खिडकीवरच्या संगणकात ठेवावा लागत नाही.

खरी कसोटी फेरफाराची. समजा, एका खातेदारानं २ एकरांतले २० गुंठे विकले. एका खात्यातून २० गुंठे वजा व्हायचे आणि दुसऱ्यात जमा व्हायचे. मधेच वीज गेली तर? रिलेशनल डेटाबेसमध्ये दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात बांधता येतात : झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. बँकेच्या खात्यातल्या पैशाला मिळणारी ही हमी गुंठ्यालाही मिळाली.

फेरफाराचे अर्ज आल्या क्रमानंच निकाली काढायचे, हा ‘भूमी’चा नियम. मंजुरी देणाऱ्याला बोटाचा ठसा द्यावा लागतो, म्हणून कुणी काय मंजूर केलं ते नावानिशी राहतं. खरेदीखत नोंदवणारी ‘कावेरी’ प्रणालीही हिला जोडली आहे : दस्त नोंदला की त्याची माहिती ‘भूमी’कडे जाते आणि फेरफाराचं काम सुरू होतं.

सीमाभागातल्या मराठी शेतकऱ्याची अडचण मात्र शिल्लक आहे. उतारा कन्नडमध्ये असतो. ज्याला कन्नड वाचता येत नाही, तो स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो, आणि बोजा कुणाचा, हिस्सा किती, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर मान्य करतो. यंत्रणेच्या अंगानं पाहिलं तर यावरचा उपाय हाताशी आहे. डेटाबेसमध्ये क्षेत्र आणि सर्व्हे नंबर हे आकडे असतात. रकान्यांची शीर्षकं छापताना लावता येतात. नावांचं लिप्यंतरही अवघड नाही, कारण युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड यांच्या तक्त्यांत अक्षरांचा क्रम जवळजवळ सारखाच आहे. ‘क’ दोन्हीकडे त्याच जागी येतो. कायदेशीर प्रत कन्नड राहू दे, सोबत माहितीसाठी मराठी प्रत छापावी. तलाठ्याच्या दप्तरातून नोंद सोडवण्याचं अवघड काम ‘भूमी’नं केलं आहे. ज्याची जमीन, त्याला तो कागद वाचता आला की ते काम पुरं होईल.