कलम ८० ड आणि सरकारी दवाखाना

मार्चअखेर जवळ आली, की परभणीच्या नोकरदार मंडळींत, मग ते जिल्हा परिषदेचे गुरुजी असोत वा कृषी विद्यापीठातील कारकून, एक युक्तिवाद हटकून कानी येतो: आम्ही खासगी आरोग्यविम्याचे हप्ते भरतो, सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि म्हणूनच सरकार आम्हांस करात सूट देते, सबब सरकारी आरोग्य खात्याशी आमचे देणेघेणे संपले. युक्तिवाद ऐकावयास सुबक आहे, परंतु त्याचे सांधे निखळलेले आहेत.

मुळात ही सूट करातून नव्हे, करपात्र उत्पन्नातून मिळते. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० ड अन्वये स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० रुपयांपर्यंत, आणि आईवडील साठी उलटलेले असल्यास त्यांच्यासाठी आणखी ५०,००० पर्यंत वजावट ठरविलेली आहे. हप्ता रोखीने भरला, तर तीही हातची जाते. वीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाने पंचवीस हजारांचा हप्ता भरल्यास त्याचा कर उपकरासह ५,२०० रुपयांनी उतरतो. उरलेले १९,८०० त्याच्याच खिशातले. २०२३-२४ पासून न मागता लागू होणाऱ्या नव्या करपद्धतीत तर ही वजावट मुळीच नाही.

खात्यातून अंग काढून घेतल्याची समजूतही अशीच भ्रामक. जर्मनीत ठरावीक मर्यादेहून अधिक वेतन असणारा मनुष्य सार्वजनिक विमा सोडून खासगी विम्यात खरोखर जाऊ शकतो. आपल्याकडे तसा दरवाजाच नाही. २०१८ पासून आयकरावर बसणारा चार टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर विमाधारकासही चुकत नाही. उलट त्या ५,२०० रुपयांवर खजिन्याने पाणी सोडलेले असते, म्हणजे खासगी विम्यालाही सार्वजनिक पैशाचा टेकू आहेच. हे सांगितले की गुरुजी किंचित रागावतात.

मग शेतकऱ्याकडे बोट जाते: तो कर भरत नाही, त्यास उपचार फुकट का? शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त आहे, हे खरे. पण जिंतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास त्याच कारणाने कलम ८० डचा कवडीचा उपयोग नाही, आणि डिझेलपासून साबणापर्यंत प्रत्येक खरेदीत तो सरकारचा वाटा मुकाट्याने चुकवीतच असतो. त्याचा आधार म्हणजे २०१३ साली सर्व राज्यात पोहोचलेली, तेव्हा राजीव गांधींच्या आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावे ओळखली जाणारी योजना. तिच्यात निवडक आजारांवरील उपचारांचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, आणि ते अंगीकृत खासगी रुग्णालयांसही मिळतात. तेव्हा 'खासगी' म्हणविणाऱ्या कित्येक खाटांखालचा पैसा कोणाचा, हे त्या पाटीवरून कळत नाही. शिवाय २०२४ पासून कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण पांढऱ्या शिधापत्रिकेवरही मिळते. म्हणजे गुरुजीही आत आले, फक्त त्यांना खबर नाही.

आणि गंगाखेडच्या रस्त्यावर रात्री अपघात झालाच, तर १०८ क्रमांकावर येणारी रुग्णवाहिका राज्याच्या खर्चाने धावते. ती जखमीकडे विम्याचा कागद मागत नाही.